उघडीप कुणाला किती लागते

पाऊस कधी येणार, हे आमच्याकडचे लोक टीव्हीला विचारतात, मोबाइलला विचारतात, नाहीतर पानटपरीवर उभ्या असलेल्या पहिल्या माणसाला विचारतात. मला मात्र त्यांनी नोकरीभर एकच विचारलं, "म्याडम, उघडीप कधी हाय?"

मी हवामान निरीक्षक होते. रेणापूरच्या अलीकडे एका शेतकी केंद्राच्या कोपऱ्यात तारेच्या कुंपणातलं आमचं छोटं ठाणं होतं. चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी, तिला चारी बाजूंनी खिडकीसारख्या झडपा, शेजारी पाऊस मोजायचं भांडं आणि वर गरगर फिरणारा वाऱ्याचा कोंबडा. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तिथे मधमाश्या पाळल्या आहेत असं वाटायचं. एक गृहस्थ तर किलोभर मध मागायला थेट आत आले. मी त्यांना पाऊण तास पर्जन्यमापक समजावून सांगितला. पुन्हा आले नाहीत.

काम ऐकायला सोपं आहे. ठरलेल्या वेळी पेटी उघडायची, तापमापक वाचायचे, पावसाचं पाणी काचेच्या मापात ओतून मिलिमीटर मोजायचे आणि सगळं वहीत लिहून वर कळवायचं. वरून जिल्ह्याचा अंदाज आला, की त्याची शेतकऱ्यांना समजेल अशी पत्रिका करायची. मंगळवारी आणि शुक्रवारी ती व्हॉट्सॲपवर जायची, आणि बुधवारी-शनिवारी लोक त्याबद्दल मला बोलायचे. रविवार असो, पोळा असो, घरात पाहुणे असोत, वाचन चुकवायचं नाही. माझ्या स्वतःच्या साखरपुड्याच्या दिवशीही सकाळचं वाचन करूनच मी नांदेडची गाडी धरली होती. नवऱ्याकडच्यांना वाटलं, मुलगी फारच शिस्तीची आहे. खरं म्हणजे मला रजा मिळाली नव्हती.

पत्रिकेत मी पहिल्यांदा 'उघडीप' लिहिलं तेव्हा आमच्या साहेबांनी लाल पेनानं त्याभोवती गोल काढला. ते शिकलेले, सज्जन आणि अतिशय नेमके. म्हणाले, "पावसाची तीव्रता कमी राहील, असं लिहा. उघडीप म्हणजे नेमके किती तास?"

मला राग आला. लहानपणापासून ऐकत आलेला शब्द. नांदेडला आमची आई खिडकीतून हात बाहेर काढायची आणि "उघडीप दिली गं, कपडे टाक" म्हणायची. तिला कुणी तास विचारले नव्हते. पण घरी जाताना बसमध्ये विचार केला आणि कबूल करावं लागलं की प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या दिवशी मी एक शंभर पानी वही घेतली. जो कुणी उघडीप विचारेल त्याला मी उलटा प्रश्न करायचे, "तुम्हाला किती लागते?" आणि उत्तर वहीत लिहायचे.

त्या वहीनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच प्रशिक्षणानं शिकवलं नाही.

सोयाबीनवर फवारणी करणाऱ्याला चार तास पुरतात, तेवढ्यात औषध पानात मुरतं. खुरपणाऱ्या बायांना दोन दिवस लागतात, कारण पाऊस थांबला तरी काळ्या रानात पाय टाकला की चप्पल तिथेच राहते आणि बाई पुढे जाते. गणपती करणारे एक मूर्तिकार होते, त्यांना अख्खा आठवडा हवा असायचा. "अंग वाळल्याशिवाय रंग धरत न्हाई म्याडम, अन् डोळे तर शेवटच्या दिशी काढायचे असतात," असं ते इतक्या काकुळतीनं सांगायचे, की जणू माझ्या टेबलाच्या खणात उन्हाच्या पुड्या ठेवलेल्या आहेत. आणि एका शाळेचे मुख्याध्यापक दर पंधरा ऑगस्टच्या आधी न चुकता फोन करायचे. त्यांची मागणी सगळ्यांत माफक होती. "चाळीस मिनिटं द्या. झेंडा, कवायत अन् पाहुण्यांचं भाषण. भाषणात पडला तरी आमची हरकत न्हाई."

एका वर्षी नेमका भाषणातच पडला. मुख्याध्यापकांनी मला पेढे पाठवले.

साहेबांना मी वही दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "लिहा उघडीप. पण पुढे कशासाठी तेही लिहा." तेव्हापासून आमच्या पत्रिकेत 'फवारणीपुरती उघडीप' आणि 'खुरपणीजोगी उघडीप' असे शब्द जाऊ लागले. माझ्या नोकरीतलं मला सर्वांत आवडणारं काम तेच, हे मी आज कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

मग त्या शब्दाचा नादच लागला. हा आला कुठून? आता हे काही कोडं नाही, तो उघडण्यातून आला. आणि 'उघडणे' मागे मागे जात संस्कृतातल्या 'उद्घाटन'पाशी पोचतं, हे एका मराठीच्या प्राध्यापिकेनं मला सांगितलं. म्हणजे उघडीप आणि उद्घाटन एकाच घरातले. हे कळल्यावर मला हसू आवरेना, कारण आमच्या ठाण्यावर नवीन स्वयंचलित यंत्र बसलं त्याच्या उद्घाटनाला असा पाऊस लागला होता, की फीत कापायची कात्री सापडेना आणि पाहुण्यांनी ती ओली फीत हातानंच ओढून तोडली.

माझं सासर देगलूरचं, तेलंगणाच्या शिवेवरचं. घरात मराठी, पण सासूबाईंचं माहेर पलीकडचं, त्यामुळे त्या आनंदात असल्या की तेलुगूत बोलायच्या. एकदा पाऊस थांबला तशा ओसरीवर येऊन म्हणाल्या, "वान तेरिपि इच्चिंदि." मी विचारलं, म्हणजे काय? "पावसानं तेरिपि दिली. तेरिपि म्हंजे उघडीप. तेरवडं म्हंजे उघडणं." मी भाकरी तव्यावर तशीच सोडून वही आणायला धावले. भाकरी जळाली, पण सासूबाई रागावल्या नाहीत. आपल्या बोलीतला शब्द सुनेनं लिहून घेतला म्हणून त्या दिवसभर खुशीत होत्या.

आणि आमच्या ठाण्यावरचे मदतनीस रशीदभाई उदगीरचे. माझ्यापेक्षा आधीपासून तिथे होते, यंत्रं पुसण्यापासून साहेबांना समजावण्यापर्यंत सगळं करायचे. पाऊस थांबला की दारात येऊन म्हणायचे, "आसमान खुल्या, म्याडम." तिथेही उघडणंच. तीन बोल्या, आणि तिघींनाही पाऊस थांबणं म्हणजे कुणीतरी दार उघडणं वाटतं. पावसानं उघडीप 'दिली' असंही म्हणतो आपण, म्हणजे ती घ्यायला कुणीतरी दारात उभं असणारच. हे मला गोदाबाईंमुळे नीट समजलं, आणि त्यात माझी जी फजिती झाली ती आता सांगते. बरीच वर्षं सांगितली नव्हती.

गोदाबाई आमच्या ठाण्यापासून आठ-दहा किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या. साठीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. सगळं गाव सोयाबीनकडे वळलं तरी दीड एकरावर त्या गावरान मूग पेरायच्या. हा मूग त्यांना सासूकडून आला होता. दाणा बारीक, रंग काळपट हिरवा, आणि वरणाला असा वास की शेजारी विचारायला यावं. दुकानात हे बी मिळत नाही. आधीच्या वर्षी ऐन तोडणीत झड लागली होती. झड म्हणजे जोराचा पाऊस नव्हे, दिवसेंदिवस न थांबता झिरमिरणारा. त्यात झाडावरच्या शेंगांना झाडावरच मोड आले. जेमतेम एका पेरणीपुरतं बी हाती लागलं, आणि ते सगळं त्यांनी या वर्षी मातीत घातलं होतं. हेही गेलं तर पुढच्या वर्षी पेरायला मूठभरही उरणार नव्हतं. तो मूग मग कुठेच उरला नसता.

आणि या वर्षीही, शेंगा काळ्या पडायला लागल्या आणि झड लागली.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "म्याडम, तोडणीजोगी उघडीप हाय का आज? आठ बाया सांगून ठिवल्यात."

मी नुकतंच वाचन करून आले होते. इथे थोडं समजून घ्यावं लागेल. त्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक शेजारी-शेजारी असतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलची पट्टी गुंडाळलेली, आणि तिचा दोरा खाली पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडलेला. पट्टीतलं पाणी हवेत उडालं की तो तापमापक थंड होतो आणि त्याचा पारा खाली राहतो. हवा जितकी कोरडी तितका दोघांत फरक जास्त. दोन्ही पारे एका रेषेत असले, की समजायचं हवा ओलीचिंब आहे, ढग हलणार नाहीत. पाच दिवस ते दोघे एका रेषेतच होते. त्या सकाळीही होते.

"नाही गोदाबाई," मी म्हणाले. "आज नाही, उद्याही नाही. बायांना परत पाठवा."

मग त्या म्हणाल्या, "पर म्याडम, माझं मीठ सुटं झालंय."

"काय झालंय?"

"मीठ. बरणीतलं. चार रोज नुसतं पाणी धरून राह्यलं होतं. आज चमच्यानं हलवलं तर मोकळं."

मी हसले, आणि ते हसणं मला अजून आठवतं. "गोदाबाई, तुम्ही मीठ बघा, मी यंत्र बघते. यंत्र खोटं बोलत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमी म्हणता तसं."

दुपारी डबे उघडले. रशीदभाईंनी काकडी चिरली आणि त्यावर मिठाची डबी उपडी केली. गेले चार दिवस ती डबी टेबलावर आपटावी लागत होती. आज तिच्यातून मीठ असं भुरुभुरु पडलं, की निम्मी काकडी खारट झाली. "अरे, अरे," म्हणत रशीदभाई मीठ झटकू लागले आणि मी घास तसाच ठेवून उठले.

पेटी उघडली. दोन्ही पारे एका रेषेत. मी ओल्या तापमापकाची पट्टी बोटांत धरली. कडक होती, वाळवलेल्या पापडासारखी. खालची बाटली रिकामी.

काय झालं होतं ते तिथल्या तिथे कळलं. बाटली रोज भरायची हा आमच्या कामातला पहिला धडा. पण चारी बाजूंनी पाणी पडत असताना बोटभर बाटलीत पाणी आहे का, हे बघायचं मला सुचलंच नाही. झड होती तोवर हवेतल्याच ओलीनं पट्टी भिजलेली राहिली आणि चूक लपून गेली. ज्या क्षणी हवा कोरडी व्हायला लागली, त्या क्षणी पट्टीही वाळली आणि तो ओला तापमापक साधा कोरडा तापमापक होऊन बसला. उघडीप सांगण्यासाठीच ठेवलेलं यंत्र, आणि नेमकी उघडीपच त्यानं झाकली. यंत्र खरंच खोटं बोललं नव्हतं. मीच त्याला तहानलेलं ठेवलं होतं.

पट्टी भिजवली, बाटली भरली, थोडा वेळ थांबून पुन्हा वाचलं. पारा सरसर खाली उतरला. मान वर केली तर ढग पातळ झालेले, मधे निळा तुकडा. गोदाबाईंना फोन लावला, तर बंद. त्यांच्या गावात चार दिवस वीज नव्हती, सकाळी उरलीसुरली बॅटरी माझ्याशी बोलण्यातच संपली असणार.

"रशीदभाई, गाडी काढा."

"साहब को बोलना पडता ना, म्याडम."

"येऊन बोलते."

माझ्या स्कूटीवर आम्ही दोघं, रशीदभाई मागे, त्यांच्या मांडीवर रिकाम्या पोत्यांची गठडी. सगळीकडे चिखल. दोनदा घसरलो, एकदा रशीदभाईंनी उतरून गाडी ढकलली. पोचलो तेव्हा गोदाबाई बांधावर बसून होत्या. सून सुनीता एकटीच पाटीत शेंगा तोडत होती. बाया गेल्या होत्या पलीकडच्या रानात, दुसऱ्याकडे बांधावरचं गवत कापायला.

येताना रस्ताभर मी मनात सारवासारवीची वाक्यं तयार केली होती. वरचा अंदाज, ढगांची जाडी, वाऱ्याची दिशा. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ती सगळी टाकून दिली.

"गोदाबाई, चूक माझी झाली. मी बाटलीत पाणी घातलं नव्हतं. तुमचं मीठ बरोबर होतं. उघडीप सकाळीच लागलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. आता ही बाई मला काय बोलेल ते बोलेल, मी ऐकून घेईन, असं ठरवून मी उभी होते.

"मंग अशा उभ्या कामून?" त्या म्हणाल्या. "पदर खोचा."

आणि बांधावर चढून त्यांनी पलीकडच्या रानाकडे अशी हाक मारली, की रशीदभाई दोन पावलं मागे सरले. "आवो पोरींनो! या गं! मूग वाचवायला या!"

आल्या. आठच्या आठ आल्या. ज्यांच्या रानात त्या होत्या ते शेतकरीही पाटी घेऊन आले, गवत उद्या बी ऱ्हाईल म्हणाले.

मूग तोडणं मला सोपं वाटलं होतं. काळी शेंग तेवढी घ्यायची, हिरवी ठेवायची, आणि हिसका द्यायचा नाही, नाहीतर अख्खं झाड उपटून हातात येतं. माझ्या हातात पहिल्या पाच मिनिटांत तीन झाडं आली. एक बाई म्हणाली, "म्याडम मुळासगट हवामान बघून राह्यल्या." सगळ्या हसायला लागल्या, मीही हसले, आणि त्यानंतर दर थोड्या वेळानं कुणीतरी माझी ओटी तपासायला यायचं. रशीदभाईंचा हात मात्र सफाईचा. लहानपणी उदगीरकडे मामाच्या शेतावर तोडायचे म्हणाले. इतकी वर्षं शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं.

दिवस मावळायच्या सुमाराला वारा फिरला. शेवटच्या दोन ओळी आम्ही धावत तोडल्या. पोती डोक्यावर घेऊन घरात शिरतो न शिरतो तोच टपटप सुरू झालं. पण आता शेंगा आत होत्या. बाजेवर, चादरीवर, देवासमोर, चुलीच्या उबेला, जिथे जागा मिळेल तिथे सुनीतानं त्या पसरल्या. बसायला जागा उरली नाही म्हणून आम्ही दहा-बारा जण भिंतीला टेकून उभ्यानंच चहा प्यायलो. पावसाचा आवाज आणि त्याहून मोठा बायांचा आवाज. इतकं हसणं मी कुठल्या लग्नातही ऐकलेलं नाही.

निघताना मी विचारलं, "वाळतील ना?"

"ऊन पडलं तर," गोदाबाई म्हणाल्या. "बी हाय ते. दाबून नखाची खूण उठली तर ओलं. समजंल."

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याच्या वाचनाच्या वहीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ओल्या तापमापकाची पट्टी कोरडी आढळली, बाटली रिकामी, सकाळचं वाचन चुकीचं, चूक निरीक्षकाची. आकडा अंदाजानं दुरुस्त करून गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. साहेबांनी शेरा वाचला, त्याच्याभोवती काहीच काढलं नाही, खाली सही केली आणि न सांगता जागा सोडल्याबद्दल मला लेखी समज दिली. दोन्ही कागद मी जपून ठेवलेत.

पाऊस आणखी दोन दिवस होता. ते दोन दिवस मी पेटीकडे इतक्या वेळा गेले, की रशीदभाई म्हणाले, "बाटली में मछलियां पालो अब." तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. चौथ्या दिवशीही. फोन लावायचा धीर होत नव्हता. नखाची खूण उठली असेल तर काय बोलणार होते मी?

पाचव्या दिवशी सकाळच्या वाचनाच्या वेळी माझाच फोन वाजला. गोदाबाईंचा नंबर. मी "हॅलो" म्हणाले. उत्तर नाही. पुन्हा "हॅलो, गोदाबाई?"

पलीकडून आवाज आला. शेंगांच्या ढिगावर काठीचे दणके, आणि दर दणक्याला तडतड फुटून अंगणभर उडणारे दाणे. कडकडीत वाळलेल्या शेंगाच अशा फुटतात. किती तरी वेळ तेवढंच ऐकू येत राहिलं. मी पेटीचं दार उघडं टाकून तिथेच उभी होते, आणि फोन रशीदभाईंच्या कानाला लावायचंही मला सुचत नव्हतं.

मग काठी थांबली.

"आलं का ऐकू?" गोदाबाईंनी विचारलं.